श्रूजबरीत राजावर खटला

हा फोटो घे ना, सलोनी, हा राजाच्या टोपीतला — न्यूजलेटरमध्ये रुबाबदार दिसतील आमचे डॉक्टर. पण ‘नाटक उत्तम झालं’ एवढंच छाप हं. उत्तम कसलं? इतिहासाची पार वाट लावली स्टेजवर, तीही इतिहासाच्या प्राध्यापिकेने! म्हणजे आमच्या लेकीने, ज्ञानदाने. तुम्ही आत्ता आत्ता राहायला आलात, तुला कुठून माहीत असणार — मेडिकल स्कूल अर्ध्यावर सोडलं तिने, आणि शिकली काय, तर इंग्लंडचा राजा आणि त्याची पार्लमेंट यांच्यातलं युद्ध. हे म्हणाले, ‘पावणेचारशे वर्षांपूर्वी मेलेल्या राजाचं पोस्टमॉर्टेम करून पोट भरणार का?’ झालं, तेव्हापासून बोलणंच बंद. ‘तिला सांग’, ‘त्यांना सांग’ — दोन छावण्यांमधली वकील मी, बिनपगारी. त्या राजाने पार्लमेंट बरखास्त करून अकरा वर्षं एकट्याने राज्य केलं म्हणे. त्यात काय कौतुक? आमच्या घरात ती कधी भरलीच नव्हती!

तर आपल्या श्रूजबरीतल्या मराठी मंडळाने नेमकं तिचंच नाटक निवडलं, आणि राजा कोण? दुसरं कोण असणार? ह्यांची अट — लेखिका तालमीला नको. ती आली ती थेट प्रयोगाला. आणि त्याच दुपारी न्यायाधीश झालेला निहार आजारी! बाकी कोणाला संवाद पाठ? फक्त तिला. हो ना, काय योगायोग — मी त्याला म्हटलंसुद्धा, घसा बसलाय एवढंच सांग, ताप सांगितलास तर हे तपासायला येतील — म्हणजे… हे छापू नकोस हं.

कोर्ट भरलं. ती म्हणाली, ‘आपल्याच प्रजेवर शस्त्र उचललंस, उत्तर दे.’ हे गरजले, ‘कोणत्या अधिकाराने विचारतेस?’ टाळ्या! पुढे ह्यांनी ‘हे कोर्ट मी मानत नाही’ म्हणायचं. म्हणेनात. मी विंगेतून प्रॉम्प्ट करतेय — ढिम्म! आणि एकदम साध्या, घरातल्या आवाजात म्हणाले, ‘सोडण्याआधी मला एकदा विचारायचंस तरी.’ अगं, स्क्रिप्टमध्ये नाहीच हे! ती म्हणाली, ‘विचारलं असतं तर हो म्हणाला असतात, बाबा?’ इंग्लंडच्या राजाला बाबा — तेही माइकवर! लोक हसले. आणि ह्यांनी टोपी काढली. खरा राजा खटलाभर टोपी घालून बसला होता, त्या कोर्टाला मान द्यायचा नाही म्हणून — हे ह्यांनीच मला दहादा ऐकवलेलं. टोपी हातात धरून म्हणाले, ‘नसतो म्हणालो.’ … धूळ फार गं त्या विंगेत, डोळ्यांत जाते.

माफी? छे! मृत्युदंडच ठोठावला तिने. लेक कोणाची?

आणि आज सकाळपासून बेसमेंटमध्ये भांडतायत दोघं — राजाने तह करायला हवा होता की नाही. ऐकू येतंय ना? ‘तिला सांग’ नाही, काही नाही, थेट तोफा! मी चहाला हाक मारली, तर दोघंही ओरडले, ‘तू थांब जरा!’ इतकी वर्षं दोन्ही दरबार सांभाळले, त्याचं हे —

थांब. गप्प का झाले?

… गप्पच आहेत गं. नीघ बाई तू आता, नीघ. मला खाली जाऊ दे.