चेतनाच्या ठोक्यांची वही

नाही, पण मी म्हणतो, यकृत कुठं आणि हृदय कुठं! तुम्हाला सांगतो, माझी चेतना, वय अकरा, वजन चोपन्न किलो, पोट दुखतंय म्हणून आमच्या खापर गावाहून नंदुरबारला नेली, तर डॉक्टरीणबाई म्हणतात, "रतिलालभाऊ, हिच्या यकृतावर चरबी आहे, अशा मुलांत कधीकधी हृदयाची लयही बिघडते. ठोके मधूनच अडखळतायत, चोवीस तास मशीन लावू." झालं! एवढीशी पोर हो!

छातीला वायरी, कमरेला डबी, हातात वही. "रोजच्यासारखं वाग, आणि काय केलं, काय खाल्लं, कसं वाटलं, वेळ टाकून लिही." रोजच्यासारखं? खापरमध्ये? वायरी दिसल्या आणि आख्खी गल्ली भेटायला! रिकाम्या हातानं येतील? कमलआत्या बालूशाही घेऊन, "कशी वाळी गयी वं माय! खाऊ दे रे रतिलाल, वाढतं आंग शे पोरनं!" चोपन्न किलो... आणि म्हणे वाळली, अंग अजून वाढतंच आहे! मागून फरसाणवाला नवनीत, गरम फाफडा, जिलेबी, "खाऊ दे भो, वाढतं आंग शे!"

आता माणूस मायेनं घेऊन आलाय, परत कसं पाठवणार? आणि पोरीला कसं देणार? मग बापानं काय करावं?... मी खाल्लं! पोरीसाठी हो! चेतनाची आई ममता स्वयंपाकघरातून डोळे वटारतेय, मी खातोय. सातवी बशी आली, "वाढतं आंग शे..." खाल्ली! चेतना समोर बसून मान खाली घालून वहीत लिहितेय. म्हटलं, काय गुणाची पोर!

दुसऱ्या दिवशी बाई मशीन तपासतायत, मी कुलदैवत आठवतोय. "ठोके थोडे अडखळतात, पण सध्या धोका नाही. वजन उतरवायचं, भरपूर खेळायचं, तीन महिन्यांनी परत दाखवायचं." रडूच फुटलं मला, खोटं नाही सांगत! तेवढ्यात बाईंनी वही उघडली, आणि मोठ्यानं वाचायला लागल्या! "पाच वाजता बालूशाही चार, पप्पांनी खाल्ली. साडेपाच, जिलेबी पावशेर, पप्पांनी. सहा, पप्पांना धाप लागली. कसं वाटलं? मला पप्पांची काळजी वाटली."

बाईंनी चष्म्यावरून माझ्या पोटाकडं पाहिलं. "भाऊ, टेबलावर झोपा."

म्हटलं, मॅडम, मला काय धाड भरलीय? तर आमची कार्टी, वायरी सुटल्याच्या आनंदात खिदळत म्हणते, "लावू द्या ना पप्पा मशीन, वाढतं आंग शे तुमनं!"

गुमान शर्टाची बटणं सोडली.