आण्णांचं खुरपं आणि हिरवं कपाट

बोला, पांडुरंग हरी! – छे, छे! मागच्या रांगेतला आवाज खांबापर्यंत येऊन परत गेला. पुन्हा एकदा! – हां, आता पोचला. बसा, नीट मांडी घालून बसा.

मंडळी, ऐका. मघापासून सेवा, सेवा म्हणतोय मी. सेवा सगळ्यांनाच करायची असते हो! पण मला एक सांगा – आपण दुसऱ्याचं भलं करतो ना, ते त्याच्या सोयीनं करतो, की आपल्या? – लगेच मान डोलवू नका काका, अजून गोष्ट सुरूसुद्धा नाही झाली! आणि गोष्ट काही राजाराणीची नाही. परसबागेतलं खुरपं, कुदळ, झारी ठेवायची कुठं – एवढीच गोष्ट. हसा, हसा. पण एका माणसाचा जीव त्यात अडकला होता, म्हणून सांगतोय.

वडूजला खटावकरांचं घर. घरात सून कुमुद, तिचा नवरा श्रीधर, चार वर्षांची मनू आणि सासरे रंगराव. रंगरावांना अख्खी गल्ली आण्णा म्हणायची. आण्णा एस्टीच्या डेपोत मेकॅनिक होते, तीस वर्षं! आणि माणूस शिस्तीचा किती? डेपोत पाना खिळ्यावर टांगलेला नसला, तर त्या दिवशी आण्णांच्या समोर कुणी उभं राहायचं नाही. निवृत्त झाले आणि घरामागच्या पाच गुंठ्यांत बाग केली. शेवगा, पपई, भेंडीचे वाफे, कढीपत्ता, एका कडेला आळू. पहाटे उठले की बागेत, ते जेवायलाच घरात.

आता गंमत बघा. इतका शिस्तीचा माणूस – आणि बागेतली हत्यारं कुठं? सगळीकडे! खुरपं शेवग्याच्या बुंध्याशी, कुदळ आळवाच्या कडेला, झारी हौदाच्या डाव्या अंगाला, कोयता पपईखाली उघडा! दोन वर्षं हेच चाललेलं. सासूबाई होत्या तोवर त्या काही बोलल्या नाहीत. त्या वारल्या आणि घर कुमुदच्या हातात आलं. एक दिवस मनू पळता पळता त्या कोयत्यापासून वीतभर अंतरावर पडली. कुमुदनं धावत जाऊन तिला उचललं. तिनं ठरवलं – बागेत हत्यारांना जागा करायचीच.

कुमुद मोठी चौकस बाई. वस्तू घ्यायच्या आधी चार घरं फिरून येणार. मायमाउल्यांनो, तुम्ही नाही का, एक कुकर घ्यायला तीन शेजारणींचं स्वयंपाकघर बघून येता? तशी ही निघाली. एका घरी पत्र्याची शेड होती. दार उघडलं तर आत जुन्या गाद्या, मोडका पाळणा, निवडणुकीतला एक फलक! कुदळ विचारली, तर घरधनी म्हणाले, आहे, पण काढायला दोन माणसं लागतील. दुसऱ्या घरी प्लास्टिकची मोठी पेटी, बसायलाही चालते अशी. त्या पेटीवर आजी बसलेल्या. त्या उठल्याशिवाय खुरपं निघत नाही, आणि आजी काही उठत नाहीत!

घरी येऊन ती आण्णांना सगळं सांगायची. आण्णा ऐकून घ्यायचे आणि प्रत्येकात खोट काढायचे. शेड नको, भेंडीचं ऊन अडेल. पेटी नको, उंदीर घर करतील. कपाट नको, गंजेल. भिंतीत कोनाडे? नको, विंचू येतील. कुमुदला कळेना. पान्याला जागा देणारा माणूस खुरप्याला जागा का देत नाही? श्रीधरला विचारलं, तर तो म्हणाला, वय झालं की माणूस हट्टी होतो. झालं! आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाचं काही कळलं नाही की हे एक उत्तर तयार असतं. पुढं विचारच करायला नको!

तेवढ्यात आली खंडेनवमी. त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं गोळा करायची, धुवायची, पुसायची, हळदकुंकू लावायचं, झेंडूची फुलं वाहायची आणि दिवसभर कुणी ती कामाला लावायची नाहीत. आजवर हे सासूबाई करायच्या. या वर्षी कुमुदनं केलं. बाग पालथी घालून तिनं एकूण एक हत्यार आणलं, पूजा केली. आणि तिच्या मनात आलं, आयती सगळी एका जागी आलीयत, आता पुन्हा पसरायची कशाला? दसऱ्याच्या मुहूर्तावर तिनं हिरव्या रंगाचं लोखंडी कपाट आणवलं, बागेतल्या विहिरीच्या बाजूला उभं केलं, सगळी हत्यारं आत रांगेनं लावली. मनूचा हात पोचणार नाही अशी वर कडी. तिला वाटलं, आण्णा बघून खूश होतील.

आण्णा म्हणाले, छान आहे. एवढंच.

मंडळी, दुसऱ्या दिवसापासून आण्णा बागेत कमी जायला लागले. चार दिवसांनी तर दिवस उजाडला की ओट्यावरच्या खुर्चीत बसले ते बसलेच. कुणी विचारलं तर म्हणायचे, गुडघा दुखतोय. जेवण निम्म्यावर आलं. भेंडी जून होऊन गेली, वाफ्यात तण माजलं. श्रीधर म्हणाला, बाबा आता थकले, बाग काढून फरशी घालून टाकू. आण्णांनी ते ऐकलं आणि नाहीसुद्धा म्हणाले नाहीत!

कुमुदला हे खटकलं. आणि तिला आणखी एक गोष्ट दिसली. आण्णांच्या बोटाला चिंधी गुंडाळलेली. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाले, गुलाबाचा काटा लागला.

गुलाबाचा काटा! – अहो, बागेत गुलाब होता का? मी मघाशी काय काय सांगितलं? शेवगा, पपई, भेंडी, कढीपत्ता, आळू. आहे कुठं गुलाब? तुम्हाला आता लक्षात आलं, कुमुदला तिथल्या तिथं आलं. पण ती बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिली.

आण्णा बाहेर आले. पायरीपासून सरळ आठ पावलं गेले, डावीकडे वळले, वाकले, आणि शेवग्याच्या बुंध्याशी हात टेकला. तिथं काही नव्हतं. हात मातीवरून फिरला, इकडे, तिकडे. मग आठवलं असावं. उठून विहिरीकडे गेले, कपाट उघडलं आणि आत हात घातला. कसा? एकेक पातं बोटांनी चाचपत, हळूहळू. मान समोर, डोळे समोर, आणि हात आत शोधतोय! थोड्या वेळानं त्यांनी हात बाहेर काढला, दार लावलं आणि येऊन खुर्चीत बसले.

कुमुदला रडूच आलं. तो पसारा नव्हता हो! गाडीखाली आडवं पडून, न बघता हात लांब केला की पाना हातात आला पाहिजे – तीच डेपोतली शिस्त आण्णांनी बागेत लावली होती. आठ पावलं आणि डावीकडे खुरपं. सासूबाईंना ते ठाऊक होतं. म्हणून दर खंडेनवमीला पूजेनंतर त्या एकेक हत्यार जिथल्या तिथं नेऊन ठेवायच्या. आणि आपल्या कुमुदनं काय केलं? पूजा चोख केली, आणि सासऱ्याची बाग कपाटात कोंडली!

ती बाहेर आली, पायरीवर त्यांच्याजवळ बसली. म्हणाली, "आण्णा, दिसत नाही का तुम्हाला?"

आण्णांनी बोटावरची चिंधी सारखी केली. मग म्हणाले, "समोरचं दिसतं. बाजूचं जातं, खालचं जातं. अंधारात तर काहीच नाही."

"मग सांगायचं नाही का आम्हाला?"

"सांगून काय झालं असतं, बाई? आत्ता खुरपं ठेवलंस ना नीट कपाटात, तसं मला ठेवलं असतं खुर्चीत. तुमची काळजी मिटली असती. पण माझं काय?"

ऐकलंत? वैतागून नाही बोलले, सुनेवर चिडूनही नाही. शांतपणे बोलले.

त्याच दिवशी श्रीधर त्यांना साताऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधानं राखता येते, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे आण्णांचंही चुकलंच! दोन वर्षं आधी बोलले असते, तर जास्त नजर उरली असती. मी त्यांची बाजू घेत नाही. पण ते का बोलले नाहीत, हेही विसरू नका.

आता कुमुदपुढं पुन्हा तोच प्रश्न – हत्यारं ठेवायची कुठं? या वेळी ती शेजाऱ्यांकडे गेली नाही. तिनं पदरानं स्वतःचे डोळे बांधले आणि आण्णांना म्हणाली, मला बाग दाखवा. आण्णा पुढं, ती मागं. कुंडीवर आपटली, हौदात हात बुडाला, कढीपत्त्याला डोक्यानं धडकली. आण्णा हसले, किती दिवसांनी हसले! त्या एका फेरीत तिला सगळं कळलं. मग तिनं सुताराकडून बाभळीचे पाच खुंट करून घेतले. शेवग्याशी एक, आळवाशी एक, प्रत्येक वाफ्याशी आण्णांच्या कमरेएवढा खुंट, त्यावर हत्यार अडकवायला खोबण, आणि पात्याला कातड्याचं म्यान. वाकायला नको, चाचपायला नको. कोयता तेवढा उंच, मनूच्या हाताबाहेर, आण्णांच्या हाताशी. कपाटात खताची पोती ठेवली, तेही वाया गेलं नाही. पण कुठला खुंट कुठं, हे सांगत कोण होतं? आण्णा! सुतार त्यांना विचारायचा आणि तेच पावलं मोजून दाखवायचे.

मंडळी, कुमुदचं मन पहिल्यांदाही चांगलंच होतं बरं का. कपाट आणलं ते मायेनंच. चार घरं पाहिली, चाळीस प्रश्न विचारले – फक्त ज्याच्या हातात खुरपं, त्याला एक प्रश्न विचारायचा राहिला. तो नको म्हणतो, ते का नको म्हणतो?

आणि आपण? आपण सगळे कपाटं आणणारे! आईला गावाहून शहरात आणून नीट ठेवतो. वडलांना जिना चढू नका म्हणतो. आजीला स्वयंपाकघरातून उठवून टीव्हीसमोर बसवतो, आणि चारचौघांत सांगतो, आम्ही त्यांना काही म्हणजे काही करू देत नाही! अहो, देवालासुद्धा आपण मखरात बसवतो आणि वाटतं झाली सेवा.

आज घरी गेलात की एवढंच करा. ज्याला तुम्ही सुखात ठेवलंय ना, त्याच्याजवळ जाऊन बसा, आणि विचारा – तुझं इथं काय हरवलंय? तो आधी म्हणेल, काही नाही, सगळं छान आहे. तेवढ्यावर उठू नका. बसून राहा.

म्हणा, पांडुरंग हरी!