स्वयंपाकघरात नेमणूक होण्यापूर्वी

पुरवणी जबाब दि. ९ जून २०२५

मी वैजनाथ सोनाजी गडदे, वय ३१ वर्षे, धंदा शेती, रा. पुसेगाव, ता. सेनगाव, जि. हिंगोली. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की,

मी वरील ठिकाणी आई-वडील व पत्नी प्रतिक्षा यांच्यासह राहतो. गोदामावर पहारेकऱ्याची नोकरी आहे असे सांगून एजंटाने मला परदेशी नेले व तेथील सरकारच्या फौजेत भरती केले, याबाबत मी दि. ३ मार्च रोजी तक्रार दिली आहे. देशाचे व एजंटाचे नाव त्यात आहे. फौजेत मी केवळ स्वयंपाकघरात काम केले असे तेव्हा सांगितले होते. ते अपुरे आहे.

माझ्यासोबत वसमतचा स्वानंद मार्तंड पाठक, वय २६, हा होता. आम्ही एकाच तुकडीत होतो. सरकारविरुद्ध मोर्चे निघत त्या गावांतील लोकांना आमची तुकडी धरून आणत असे. दि. १४ नोव्हेंबर रोजी अशा एका गावातील अंदाजे साठ लोकांना शाळेच्या खोलीत कोंडले. त्यात बायका व म्हातारी माणसे होती. पहाऱ्यावर मी व स्वानंद होतो. पाणी देऊ नये असा हुकूम होता. आतून लोक दार वाजवत होते. त्यांची भाषा मला येत नव्हती. पाणी मागतात हे समजत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास स्वानंदने मागचे दार उघडून दोन बादल्या पाणी आत दिले. मला म्हणाला, "तू तिकडं बघ." मी तिकडे बघितले. त्या दाराने काही लोक निघून गेले.

चार वाजता अधिकाऱ्याने तुकडीला उभे करून दार कोणी उघडले असे विचारले. मी स्वानंदकडे बोट दाखवले. मला कोणी मारले नव्हते. माझी बंदूक माझ्याच हातात होती. स्वानंदला गाडीत घालून नेले. सकाळी हजेरीत त्याचे नाव पुकारले नाही. मी विचारले नाही. त्या दिवसापासून मला स्वयंपाकघरात नेमले. खोलीत राहिलेल्यांचे पुढे काय झाले, माहीत नाही.

फेब्रुवारीत मी गावी परतलो. स्वानंदची आई गंगूताई माझ्याकडे तीनदा आल्या. काल म्हणाल्या, "आधी त्याची बदली झाली म्हणालास. मग तो दवाखान्यात होता, तू भेटलास म्हणालास. बदली झालेल्याला तू भेटलास कधी? आणि स्वयंपाकघरात तुलाच काहून घेतलं?"

मी म्हणालो, "काकू, उद्या ठाण्यात या. तिथं सांगतो."

हा जबाब देण्यासाठी गंगूताईंनी किंवा अन्य कोणी दबाव आणला का, असे जमादार साहेबांनी दोन वेळा विचारले. कोणीही आणलेला नाही. साहेब म्हणाले, "भीतीपोटी केलं असं लिहू का? तुझ्याच फायद्याचं हाय."

मी म्हणालो, "न्हाई साहेब. भ्या तर त्यालाबी व्हतं."

गंगूताई बाहेर बाकावर बसल्या आहेत. त्यांना यातले अजून काही माहीत नाही.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात "बोट दाखवावे लागले" असे लिहिले होते. ते माझ्या सांगण्यावरून खोडून "बोट दाखवले" असे केले. आता बरोबर आहे.