गोळीत सेकंड नसतं

...आणि वरून लोक मलाच विचारतात, 'भेस्तानला कशाला गेला होतात?' हौस आली होती म्हणून गेलो होतो! अहो, हसू नका, इथं मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही आणि तुम्ही दात काढताय? आधी ऐका. तुम्हाला सांगतो, सुरतच्या कापड मार्केटात माझी हयात गेली. साडीला नुसता हात लावला की सांगतो, ही फ्रेश, ही सेकंड. सेकंड म्हणजे कुठं धागा सुटलेला, कुठं डाग, कुठं छपाई सरकलेली... तो माल अर्ध्या भावात, तोच आमचा धंदा. मला कोण फसवणार?

तर आमची बायको छाया, तिच्या प्रेशरच्या गोळ्या संपल्या. सोमवारी. आमच्या डिंडोलीत कोपऱ्यावरच मेडिकल आहे, खाली उतरलो असतो, घेतल्या असत्या, विषय संपला असता... पण नाही! डॉक्टरनं गोळी बदललेली, नवी गोळी महाग, आणि पहिल्याच दुकानात पहिल्याच भावाला माल उचलला तर मार्केटात माझं नाव काय राहिलं? म्हटलं, 'भाई, कंईक ओछुं करो.' तो म्हणतो, 'काका, आ दवा छे, साडी नथी!' बरं बाबा. उधन्याला गेलो, तिथला दहा टक्के सोडायला तयार. दहा? भीक देतोय का? लिंबायतवाला बारावर आला. आता जो बारावर आला तो पंधरावर येणार, हे कुणाला कळतं? मला! मला कोण फसवणार?

रोज संध्याकाळी रिकाम्या हातानं घरी. छाया भिंतीला धरत धरत बाहेर येते, गोळ्यांचं विचारते, 'गोया लई उनात का?' म्हटलं, 'भाव काढतोय!' 'माले चक्कर ई ऱ्हायनी...' 'अगं धीर धर, भाव उतरतोय!' इकडं भाव उतरत होता आणि तिकडं तिचं प्रेशर चढत होतं हो... शरम वाटते आता सांगायला.

मग मार्केटात एक जण म्हणाला, हिलालभाई, भेस्तानला जेनेरिकचं दुकान आहे, पाव भावात गोळी. पाव भावात! आता तुम्हीच सांगा, इतक्या स्वस्तात फ्रेश माल कुणाचा बाप देतो? म्हणजे सेकंड! गोळीचा टवका उडाला असेल, रंग फिका आला असेल, छपाई सरकली असेल... असेना का! पोटात गेल्यावर कोण बघतंय? आपलाच धंदा, आपलीच भाषा. गेलो. दुकानात ही गर्दी! काउंटरवर एक पोरगी, पांढरा कोट, तोंडाला मास्क. मी आपला मार्केटात ओरडतो तसा ओरडलो, 'बेन, प्रेशरनी गोळी सेकंडमां बतावो! डाग चालशे, भाव बराबर लगावो!'

अख्खं दुकान वळलं की हो माझ्याकडं. पोरगी चिठ्ठी बघते, मला बघते, पुन्हा चिठ्ठी बघते. हळूच मराठीत म्हणते, 'बाबा, गोळीत सेकंड नसतं. आतलं औषध तेच, वरचं नाव वेगळं.' आता आमच्याकडं एकाच मिलची साडी चार नावांनी चार भावांना जाते, रोज मीच विकतो, हे मला कळायला नको? पण तोंड थांबतं का? म्हटलं, 'पोरी, मला नको शिकवू! मार्केटात हयात गेली, मला कोण फसवणार? पंधरा टक्के सोड, नाहीतर हा चाललो!' तर ती विचारते, 'मावशींच्या गोळ्या कधी संपल्या?' म्हटलं, 'सोमवारी.'

'आज शुक्रवार आहे, बाबा.'

एवढंच. आवाजही चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, निदान भांडलो तरी असतो... आणि मग तिनं मास्क खाली केला.

अहो, सोनाली! पलसाण्याच्या सुकदेवभाऊंची पोरगी! मागच्याच रविवारी आमच्या चेतनसाठी बघून आलो होतो तिला. तिच्याच घरी ऐसपैस बसून, तिच्याच हातचे पोहे खात, तिला पसंतीची साडी देऊन मीच म्हणालो होतो, 'आमच्या घरात माणसाच्या जिवापुढं पैसा बघत नाहीत!' पोरगी मेडिकल लाइनमध्ये आहे हे सांगितलंही होतं त्यांनी, पण माझं लक्ष कुठं? मी त्यांच्या सोफ्याच्या कापडाला हात लावून बघत होतो! त्यांच्याकडून होकार यायचा बाकी, पोरगा फोन उशाशी घेऊन झोपतोय, आणि बाप इथं भर दुकानात डागाळलेली गोळी मागतोय...

म्हटलं, 'पोरी, ते... मी आपली गंमत...' ती गोळ्या पिशवीत भरत म्हणते, 'सेकंड साडीत असतं, बाबा. तुम्ही पसंतीची म्हणून दिलीत ना, तिच्यात होतं. छपाई सरकलेली. मी नेसून बघितली. निऱ्यांत घेतलं की दिसत नाही.'

तुम्हाला सांगतो, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. जन्मात पहिल्यांदा भाव न विचारता पैसे ठेवले आणि निघालो. घरी येऊन छायाला गोळी दिली. तेवढ्यात फोन. सुकदेवभाऊ! म्हटलं, आला नकार. तर म्हणतात, 'पोरगी हो म्हणते. फक्त एक सांगितलंय तिनं, सासूबाईंच्या गोळ्या मी आणत जाईन, बाबांना मेडिकलची पायरी चढू देऊ नका.'

चेतन घरभर उड्या मारतोय आणि मी आपला खाली मान घालून बसलेलो. छायाला संशय आला, तिनं सगळं काढून घेतलं माझ्याकडून. रागावली? छे! इतक्या दिवसांनी पोट धरून हसली, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. माझ्याकडं बोट करून म्हणाली, 'तिले माहीत व्हतं, माल सेकंड शे... तरी भाव न करता लिधा तिनी!'

आमच्या दुकानात गल्ल्याच्या वर एक पाटी होती, 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' शेठला विचारून काढून आणलीय. घराच्या दाराला लावून ठेवलीय... सोनाली लग्न होऊन यायच्या आधी!