पंपाआधीची जाळी

(कास्पियन समुद्राच्या काठी तेलकामगारांची वसाहत. संध्याकाळचा चहा मांडला आहे. सून कुन्सुलू ओतते आहे.)

सासरे: काठोकाठ? अगं सूनबाई, नको झालेल्या पाहुण्याचा पेला असा भरतात. मला घराबाहेर काढतेस की काय?

कुन्सुलू: चुकलं, अता. द्या इकडे, अर्धा करते.

सासूबाई: दुपारी कारखान्यातून आल्यापासून बघतेय, हिचं चित्त थाऱ्यावर नाही. मघाशी कणकेत मीठ म्हणून साखर घातली. बस की गं घटकाभर.

कुन्सुलू: बसवत नाही, एने.

सासरे: कारखान्याचं सांग. अकरा दिवस पाइपामागून पाइप तपासत हिंडतेस. तेल अडतंय कुठे, सापडलं का?

कुन्सुलू: सापडलं. आज सकाळी पंप थांबवून पाइप उघडला.

सासरे: मग, मी म्हणत होतो तेच ना? पंप. दिवसाला सहा हजार टनांसाठी बांधलेला कारखाना बारा वर्षांत सव्वाचार हजारांच्या वर गेला नाही, तो त्या बेक्तासमुळे. म्हणे मिस्त्री. हात आहेत की खुरं? चार वर्षांत तीन पंप खाल्ले त्याने. निवृत्तीच्या दिवसापर्यंत सांगत आलो मी, पण ऐकतो कोण.

कुन्सुलू: पंप चांगला आहे, अता. त्याच्यापर्यंत पुरेसं तेलच येत नव्हतं. उपाशी घोड्याला चाबूक मारत होतो आपण. म्हणून तो थरथरायचा, आतून झिजायचा.

सासरे: येत नव्हतं म्हणजे? टाकीपासून पंपापर्यंत सरळ पाइप आहे. मी स्वतः उभा राहून घालून घेतलाय.

कुन्सुलू: नकाशात सरळच आहे. पण जोडाजोडाला गेज लावले, तर पंपाच्या नेमका अलीकडे दाब पडत होता. उघडलं, तर आत जाळी.

सासरे: कसली जाळी?

कुन्सुलू: नव्या कारखान्याच्या चाचणीपुरती बसवतात ती. वेल्डिंगचे तुकडे, वाळू पंपात जाऊ नये म्हणून. चाचणी झाली की काढायची असते...

सासरे: ते मला नको शिकवूस.

कुन्सुलू: ती तिथेच होती. बारा वर्षं. निम्म्याहून जास्त बुजलेली, आणि वर अर्धा हातमोजा अडकलेला.

सासूबाई: अगबाई. इतक्या वर्षांत कोणी बघितलं नाही?

कुन्सुलू: बघेल कोण, एने? जाळी काढली, असं कागदावर लिहिलंय. खाली सही आहे. दुपारी जुन्या फायलींतून तो कागद मीच शोधून काढला.

सासरे: न काढता सही ठोकली? अशा माणसाला भर चौकात उभं केलं पाहिजे. त्याच्यापायी हे लोक आणखी एक पंप विकत घ्यायला निघाले होते. आणि बेक्तासचं काय करताहेत?

कुन्सुलू: उद्या नऊला बैठक आहे. पंप बिघडवले म्हणून त्याला कामावरून कमी करणार. तीन लेकरं आहेत त्याची. जाळी सापडली एवढंच मी सांगितलं, तर म्हणतील, काढायचं काम मिस्त्रीचंच होतं. सही कोणाची ते सांगितलं तरच तो वाचतो.

सासरे: मग सांग की. घाबरतेस कोणाला? कोणाची सही आहे?

कुन्सुलू: चहा घालू अजून?

सासरे: चहा राहू दे. त्या हिवाळ्यात सही करणारे आम्ही चौघेच. दोसानची?

कुन्सुलू: नाही.

सासरे: मग अक्ताऊहून यायचा तो, चष्मेवाला?

कुन्सुलू: नाही, अता.

सासरे: सागिंदिक असेल तर सोडून दे. मेलेल्या माणसाबद्दल बोलू नये.

कुन्सुलू: त्यांचीही नाही.

सासरे: अगं, मग कोडी काय घालतेस? नाव घे ना सरळ.

कुन्सुलू: मला ते नाव घेता येत नाही, अता. या घरात येऊन सोळा वर्षं झाली, एकदाही घेतलेलं नाही.

सासूबाई: अहो. सून नाव घेत नाही ते सासऱ्याचंच ना?

सासरे: उणे सव्वीस होतं त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी उद्घाटन, मंत्री यायचे होते. बोल्ट गोठून दगड झालेले. बेक्तास दोन तास पाना घेऊन झटला, बोटं काळीनिळी पडली त्याची. मीच म्हटलं, जा घरी, बोटं जातील, जाळीचं मी बघतो. कागद मात्र वरच्या साहेबांना तेव्हाच हवा होता.

सासूबाई: मग दुसऱ्या दिवशी का नाही काढलीत?

सासरे: तेल सुरू झालं. चालता पाइप कोण थांबवू देतो? आठवड्याने माझी कारखान्यातच दुसऱ्या विभागात बदली झाली. विसरलो मी. नाही, खोटं कशाला बोलू. पहिलं वर्षभर चांगलं आठवत होतं. तोंड उघडायची लाज वाटली. मग पंप वाईट, मिस्त्री वाईट, असं म्हणत गेलो, आणि शेवटी मलाच ते खरं वाटायला लागलं.

कुन्सुलू: आज बेक्तासला विचारलं मी. म्हणाला, थोरले बघतो म्हणाले होते, म्हणजे काढलीच असणार.

सासरे: असं म्हणाला?

कुन्सुलू: अजूनही तसंच म्हणतोय. जाळी डोळ्यांनी बघून.

सासूबाई: पुढच्या आठवड्यात यांच्या निवृत्तीची मेजवानी आहे गं. जेवणासाठी कापायचा घोडा ठरवून झालाय. दोनशे माणसांना आवतण गेलंय.

कुन्सुलू: मला ठाऊक आहे, एने. म्हणून तर बसवत नाही. अता गप्प राहा म्हणाले, तर मी काय करीन ते माझं मलाच कळत नाही.

सासरे: गप्प राहू नकोस. उद्या मीच येतो. माझ्या तोंडाने सांगतो.

कुन्सुलू: तुमचा पास जमा झाला, अता. आता पाहुणे म्हणून यावं लागेल. आतल्या माणसाने गेटवर उभं राहून पाहुण्याचं नाव सांगायचं असतं.

सासरे: म्हणजे तिथेही तुलाच घ्यावं लागणार.

सासूबाई: मी आले असते बाई तुझ्याऐवजी, पण बेचाळीस वर्षांत मीही कधी घेतलेलं नाही.

सासरे: कुन्सुलू, बस इथे माझ्यासमोर. घे नाव.

कुन्सुलू: अता, नको ना.

सासरे: मी सांगतोय. पाप लागलं तर मला लागेल. बेक्तासचं तर आधीच लागलंय. घे.

कुन्सुलू: ओराझगाली.

सासरे: बापाच्या नावासकट.

कुन्सुलू: तुलेगेन यांचे चिरंजीव, ओराझगाली.

सासरे: अजून मोठ्यानं म्हण. गेटवरच्या माणसाला कमी ऐकू येतं.