अध्यक्ष अभ्यास दौऱ्यावर

...आन् वरून म्हणतेत, अध्यक्षसाहेब, अभिनंदन! अरे कायचं अभिनंदन, भाऊ? तुमीच सांगा आता. शाळेतली मॅडम गेली, आन् माह्या छातीवर बिल्ला आला, 'शैक्षणिक नेतृत्व' लिहेल, त्याच्या टाचनीनं नव्या सदऱ्याले भोक पडलं थे येगळंच...

थांबा, पयल्यापासून सांगतो. मी जगदेव. किन्हीराजाच्या बाजूले आमचं गाव, गावात चौथीपर्यंतची झेडपीची शाळा, शिकवनारे दोघं. हेडमास्तर मानिकराव सर आन् सुकेशनी मॅडम. आन् पालकायची समिती असते ना शाळेची, तिचा मी कोन? अध्यक्ष! कसा झालो? निवड होती त्या दिवशी मी लग्नाले गेलतो. जो हजर नसते त्याले नाई म्हनता येत नाई, झालो अध्यक्ष.

आता आमच्या समितीची बैठक कशी असते, आयका. बैठक होत नाई, बैठक येते. सराच्या मोटारसायकलवर बसून, रजिस्टरात, माह्या वावरात येते. मी सोयाबीनवर फवारा मारून राह्यलो, पाठीवर पंप, हाताले औषध, आन् सर धुऱ्यावरून म्हणतेत, "जगदेवभाऊ, बैठक झाली, सही करा." म्या इचारलं, काय ठरलं? म्हणतेत, सर्वानुमते ठरलं. आता सर्वानुमते म्हनल्यावर मी एकटा काहून आडवा येऊ? केली सही. तिथून थे बैठक गोमतीबाईच्या घरी जाते, तिथून बाबूसिंगच्या दुकानात जाते, आन् दिवस बुडाच्या आत सातही सदस्य हजर!

अशाच एका फवाऱ्यात थे योजना आली. एक संस्था होती, शाळा समितीच्या सदस्यायले छोटं अनुदान देनार. कायच्यासाठी? तर म्हणे, गावातलं शैक्षणिक नेतृत्व बळकट कराले. म्या म्हनलं, सर, नेतृत्व बळकट हाय आपलं, छपरावरचं टिन बळकट करा ना. सर म्हणे, टिन त्यात बसत नाई. सात पानाचा फॉर्म सरानं भरला, आनला, म्या पंप न उतरवता सही ठोकली.

आन् मंजूर झालं ना बापा! अख्ख्या जिल्ह्यातून मोजक्या शाळा, त्यात आमची. गावभर पेढे वाटले म्या. काहून नाई वाटनार? मी कोन? अध्यक्ष!

पेढे पचले नाईत तं मॅडमच्या नावाचं पत्र आलं. उद्यापासून दुसऱ्या शाळेत, जऊळक्याच्या वाटेवर एक गाव हाय तिथं. तात्पुरतं, म्हणे. सरकारी तात्पुरतं किती वर्षाचं असते, हे मी तुमाले काय सांगू?

माही पोरगी संस्कृती तिसरीत हाय. जोडाक्षर दिसलं का रडे थे. मॅडमनं तिले असं वाचाले शिकोलं का बिस्किटाचा पुडा, खताची थैली, दवाखान्याचा कागद, जे सापडन थे वाचे. मी गोळी गिळली का म्हणे, बाबा, हे जेवनाच्या आधी घ्याची होती. पत्र आलं त्या दिवशी थे जेवलीच नाई. मले म्हणे, "बाबा, तुमी अध्यक्ष हा ना? मंग मॅडमले आना."

लागलं ना माह्या जिवाले. गेलो सातही जनं तालुक्याच्या हापिसात. सातही एका जागी पयल्यांदाच, एकमेकायले पाहून आमालेच नवल वाटे! साहेबानं शांतपनानं फाइल काढली. आमचाच फॉर्म. शिक्का पाह्यजे म्हनून त्याची एक प्रत हापिसात गेलती. पाचवं पान. 'समितीचे वर्षातील सर्वांत मोठे यश.' साहेबानं चष्मा लावला आन् वाचलं, "शिक्षिका सहा महिने रजेवर असताना, समितीच्या खंबीर नेतृत्वाखाली, एकाच शिक्षकावर चारही वर्ग यशस्वीपणे चालवून दाखवले." खाली सही कोनाची? अध्यक्षाची!

अहो, मॅडम बाळंतपनाच्या रजेवर होती तवा चौथीची पोरं पयलीले शिकवत, दुसरी तिसरीच्या तोंडाकडे पाहत बसे, आन् सर दिवसभर कागदं भरत. हे यश! म्या सराकडे पाह्यलं, सरानं पंख्याकडे पाह्यलं. साहेब म्हणे, "जगदेवराव, अशाच समित्या पाहिजेत. ज्यांचं एकावर भागत नाही, तिथे मॅडम पाठवल्या."

बाहेर आल्यावर सर हळूच म्हणे, रकाना रिकामा सोडला असता तं अनुदान भेटलं नसतं, भाऊ. मले राग आला, पन दुसरं लिहाले होतं काय आमच्याजवळ?

मंग संस्थेच्या ताईले फोन लावला. म्हनलं, ताई, अनुदानातून एक जीप करतो, पालक भरतो, जिल्ह्याले जाऊन मॅडमले परत मांगतो. ताई लय गोड बोलते हो... "दादा, ते उपक्रमात बसत नाही ना. जीप फक्त अभ्यास दौऱ्यासाठी."

बरं, अभ्यास तं अभ्यास. जीप आली, सात बिल्ले आले, पान्याच्या बाटल्या आल्या. चांगलं नेतृत्व असलेली शाळा दाखवनार होते आमाले. आन् नेलं कुठं? जऊळक्याच्या वाटेवर! उतरून खिडकीतून पाह्यतो तं फळ्यापाशी कोन? आमची मॅडम!

तिथला अध्यक्ष उभा राहून सांगे, आमी पाठपुरावा केला, आन् शाळेले एक मॅडम मिळवली. टाळ्या वाजल्या. आमी सातही जनायनं वाजोल्या, न वाजवून कसं चालन, पाहुने होतो ना. मॅडम बाहेर आली, मले पाह्यलं, आन् पयलं काय इचारलं? "जगदेवभाऊ, संस्कृती वाचते ना?" म्या म्हनलं, वाचते. साफ खोटं. थे आता शाळेत दिवसभर पयलीची पोरं सांभाळते, घरी आली का दप्तर खुटीले, आन् बिस्किटाचा पुडा नुसता फोडून खाते. पन थे मॅडमच्या तोंडावर कसं सांगू?

शेवटी ताई सगळ्यायच्या समोर म्हणे, "अध्यक्ष दादा, या दौऱ्यातून तुम्ही काय शिकलात?" उभा राह्यलो. म्हनलं, शाळेले मॅडम लागते. ताईनं लिहून घेतलं, म्हणे, किती छान, आन् पुन्हा टाळ्या!

आता मी कोन? अध्यक्ष. अनुदान झालं, जीप झाली, टाळ्या झाल्या, आन् एवढं करून मी जे शिकून आलो, थे माही तिसरीतली पोरगी, पत्र आलं त्याच दिवशी, उपाशीपोटी मले सांगून राह्यली होती.