बाई, आता डोळे मिटते

मेट्रन मॅडम, बाईंच्या घरची मंडळी, माझ्याबरोबरच्या मुलींनो,

मला बोलता येत नाही. रूथबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, "मग शिक. मुकी नर्स काय कामाची?" त्यांनी आम्हाला नर्सिंग शिकवलं, आणि आज त्यांच्यासाठीच बोलायला उभं राहावं लागतंय.

मी पाथर्डीकडची. घरी दुष्काळ. आई आणि धाकटी बहीण सरकारी कामावर खडी फोडतात. श्रीरामपूरच्या एका दवाखान्यात जागा निघाली, पण शिकवणाऱ्या बाईंचं शिफारसपत्र हवं होतं. आई म्हणाली, "पोरी, तेवढं पत्र आन. मंग हिला तरी खडीवरून काढू."

गेल्या आठवड्यात मी बाईंकडे गेले. पत्र मागितलं. बाई प्रॅक्टिकलच्या खोलीतल्या खाटेवर आडव्या झाल्या. मुलींनो, तुम्हाला माहीत आहे, त्यांची रीतच होती ती. पत्र मागणाऱ्या प्रत्येक मुलीसाठी त्या पेशंट व्हायच्या. कुणाला ताप, कुणाला मोडलेला पाय. मला म्हणाल्या, "मी आत्ताच गेले असं समज. माझं सगळं कर."

मी केलं. डोळे मिटले. तोंड पुसलं. हनुवटीला पट्टी बांधली. हातपाय सरळ केले. वाटलं, मिळालं पत्र.

बाईंनी पट्टी सोडली आणि उठून बसल्या. "हात चांगलाय तुझा. पण एक शब्द बोलली नाहीस. जिवंत माणसाला सांगतेस ना, आता कूस बदलते, आता पाणी लावते? मग गेलेल्यानं काय गुन्हा केला? सोमवारी ये. बोलत कर. मग देते पत्र."

मला राग आला होता. खोटं कशाला सांगू? मेलेल्याला काय ऐकू जातं?

सोमवारी मी आले. बाई पहाटेच छातीत कळ येऊन गेल्या होत्या. त्यांचं करायला कुणीतरी हवं होतं. मॅडम, तुम्ही माझ्याकडे पाहिलंत.

मी बोलले. "बाई, आता डोळे मिटते. बाई, पाणी कोमट आहे हं. बाई, पट्टी बांधते, जरा आवळेल." न सांगता काही केलं नाही. आणि सगळं झाल्यावर मी थांबले. वाटलं, आता पट्टी सोडतील, उठून बसतील, म्हणतील, जमलं. मला हाताला धरून बाहेर नेलं, तरी मी मागं वळून बघत होते.

अजून बघते. वॉर्डात कुणाची चादर सारखी करताना वाटतं, बाई मागं उभ्या आहेत, ऐकतायत. आई विचारते, पत्राचं काय झालं? काय सांगू तिला? परीक्षा मी दिली. निकाल कुणाला विचारू?

आता आपण सगळे उभे राहू. पण न सांगता नको. बाईंना ते चालायचं नाही.

बाई, आता आम्ही उभे राहतो.

बाई, आता गप्प होतो.